फ्रीज, चार जॉबकार्डं आणि बावीस महिने: वकील न लावता ग्राहक आयोगात गेलो त्याची गोष्ट

उंटावरचा_शहाणा
नमस्कार मंडळी. हा धागा काढीन काढीन म्हणत वर्ष गेलं, पण केस चालू असताना लिहू नये असं बायकोचं म्हणणं होतं आणि ते बरोबरच होतं.

तर झालं असं. मार्च २०२२ मध्ये फ्रीज घेतला, ३१,५०० रुपये, डबल डोअर. ऑगस्टमध्ये वरचा कप्पा ठीक आणि खालचं दूध नासायला लागलं. कंपनीला फोन, माणूस आला, गॅस भरला, गेला. पंधरा दिवसांनी तेच. परत माणूस, यावेळी म्हणाला थर्मोस्टॅट. मग म्हणाला कॉम्प्रेसर. नोव्हेंबरपर्यंत चार वेळा माणूस येऊन गेला आणि चौथ्या वेळी म्हणतो साहेब, कॉम्प्रेसरला दहा वर्षं वॉरंटी आहे पण गॅस आणि मजुरी त्यात येत नाही, ४,८०० भरा. अहो पण अजून पहिलंच वर्ष चालू आहे ना? तर म्हणे ते तुम्ही दुकानदाराशी बोला. दुकानदार म्हणे आम्ही फक्त विकतो, कंपनीशी बोला. कंपनीच्या फोनवरची बाई दर वेळी माझ्याकडून सगळी कथा पहिल्यापासून ऐकायची आणि शेवटी म्हणायची की आपकी असुविधा के लिए खेद है.

मी एकच शहाणपणा केला होता, दर वेळी आलेल्या माणसाकडून जॉबकार्ड घेतलं आणि त्यावर त्याच्याच अक्षरात काय बिघाड ते लिहून घेतलं. चौथ्यावर तो लिहायला तयार नव्हता, 'चेक केले, ओके' एवढंच लिहीत होता. मी म्हटलं ओके असेल तर हे ४,८०० कशाचे? मग लिहिलं बिचाऱ्याने 'कूलिंग नाही'. या दोन शब्दांवर माझी केस उभी राहिली असं आता मागे बघताना वाटतं.

मग १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली. तिथून कंपनीला गेली, आठवड्यात कंपनीचं उत्तर आलं, 'ग्राहकाशी बोलून समाधान केले आहे'. माझ्याशी कुणी बोललं नव्हतं! तक्रार बंद. हेल्पलाइनला निकाल द्यायचा अधिकार नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं, ती मध्यस्थी करते, बस. पण कंपनीचं ते खोटं उत्तर मी प्रिंट काढून ठेवलं आणि पुढे ते फार कामाला आलं.

डिसेंबरात दुकानदार आणि कंपनी दोघांना स्वतःच लिहून नोटीस पाठवली, रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसकट आणि ईमेलनेही. पंधरा दिवसांची मुदत दिली. शुकशुकाट. जानेवारी २०२३ मध्ये जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार दाखल केली, तेव्हा त्यासाठी ई-दाखिल नावाचं पोर्टल होतं. फी किती? शून्य. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीच नाही.

पुढचं कंपनीच्या वकिलाचं प्रकरण मजेदार आहे, ते खाली लिहितो, हात दुखला.

सईची_आई
वाचतेय. आमच्या वॉशिंग मशीनचं अगदी हेच चाललंय, दुकानदार कंपनीकडे आणि कंपनी दुकानदाराकडे. लवकर लिहा पुढचं.

चिकित्सक
एक शंका. बावीस महिने म्हणताय. तेवढ्या वेळात तुमच्या रजा, झेरॉक्स, पोस्ट, डोक्याचा ताप सगळं धरलं तर दोन फ्रीज आले असते. कायद्यात तीन महिन्यांत निकाल द्यायचा लिहिलंय म्हणतात आणि लागतात दोन वर्षं. मग हा कायदा नक्की कुणासाठी? मला तरी हे हौशी लोकांचं काम वाटतं.

उंटावरचा_शहाणा
@चिकित्सक, दोन फ्रीज नाही आले, हिशेब आहे माझ्याकडे (बायकोने ठेवायला लावला). पोस्ट, प्रिंट, झेरॉक्स, शपथपत्र आणि नोटरी मिळून सतराशेच्या आसपास. रजा पाच, त्यातल्या दोन अर्ध्या दिवसाच्या. बाकी तारखांना व्हिडिओवरून हजर राहिलो, त्यासाठी आधी अर्ज द्यावा लागतो. ताप झाला हे मात्र खरं, त्याचा हिशेब नाही.

तीन महिन्यांचं तुमचं बरोबर आहे. कायद्यात तीन महिने आणि माल प्रयोगशाळेत तपासायचा असेल तर पाच महिने असं लिहिलंय. माझ्या केसमध्ये मधे सात महिने कामच झालं नाही कारण आयोगात सदस्यच पुरे नव्हते. तारीख पडायची, जायचो, शिपाई सांगायचा साहेब, कोरम नाही. नुसती पुढची तारीख घेऊन परत.

काळाकोट
चांगला धागा. मी वकील आहे, जिल्हा आयोगात बऱ्यापैकी जाणं असतं, तेव्हा थोडी भर घालतो.

रिकाम्या जागांचा प्रश्न खराच आहे आणि तो एका जिल्ह्याचा नाही. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःहून त्याची दखल घेतली होती, राज्य सरकारांना चांगलं झापलं, त्यानंतर काही जागा भरल्या, काहींच्या मुदती संपल्या, परत तेच. दोष कायद्याच्या मजकुरात कमी आणि माणसं नेमण्यात जास्त आहे.

दुसरं, लोक अजून 'ग्राहक मंच' म्हणतात. जुना कायदा १९८६ चा, त्यात मंच होता. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि मंचाचा आयोग झाला. पाटी बदलली, जिने तेच, पंखे तेच.

पण एक बदल फार मोठा आहे आणि त्याची किंमत लोकांना कळलेली नाही. पूर्वी तक्रार करायची तर विरुद्ध पक्ष जिथे राहतो, धंदा करतो किंवा जिथे प्रकार घडला तिथे जावं लागायचं. आता तुम्ही जिथे राहता किंवा नोकरीधंदा करता तिथल्या जिल्हा आयोगात दाखल करता येते. ऑनलाइन मागवलेला मोबाईल बिघडला आणि विक्रेता गुरगावचा निघाला तर तुम्ही गुरगावला जायचं नाही, त्याचा वकील तुमच्या गावी येईल.

कुठल्या आयोगात जायचं ते तुम्ही दिलेल्या पैशांवर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा, ५० लाख ते २ कोटी राज्य, त्यावर राष्ट्रीय. हे आकडे डिसेंबर २०२१ च्या नियमांनी आले, मूळ २०१९ च्या कायद्यात जिल्ह्याला एक कोटीपर्यंत होतं. आणि 'दिलेले पैसे' म्हणजे तुम्ही मागताय ती भरपाई नव्हे! पूर्वी वस्तूची किंमत अधिक मागितलेली भरपाई अशी बेरीज धरायचे, लोक भरपाईचा आकडा फुगवून थेट वरच्या आयोगात जायचे. आता विम्याची केस असेल तर पॉलिसी कोटीची असली तरी भरलेला हप्ताच बघायचा, म्हणजे केस जिल्ह्यातच. यावर बरीच ओरड झाली, पण सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये ही पद्धत वैध ठरवली.

मुदत दोन वर्षं, भांडणाचं कारण घडलं तिथपासून. उशीर झाला तर कारण देऊन माफीचा अर्ज करता येतो पण 'कंपनी आज देते उद्या देते म्हणत होती' हे कारण दर वेळी चालेल या भरवशावर राहू नका.

जुनंखोड
आम्ही स्कूटर बुक करून वर्षानुवर्षं नंबराची वाट बघितलेली माणसं. तेव्हा ग्राहक हा शब्दच नव्हता, गिऱ्हाईक होतं, आणि गिऱ्हाइकाने काउंटरपलीकडच्या माणसाला दुखवायचं नाही अशी रीत. मिळतंय ते घ्या. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ च्या सुमारास ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. आमच्या चाळीत दहाबारा घरांचा एक गट होता, महिन्याचं वाणसामान एकत्र यायचं, बायका गच्चीवर बसून वाटप करायच्या. भेसळीच्या डाळीला कायद्याने नाही, त्या गच्चीने उत्तर दिलं.

१९८६ चा कायदा आला २४ डिसेंबरला, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. मी ८९ साली एक मिक्सर मुंबईहून आणला होता, पंधरवड्यात जळला. इथे गावी तक्रार घेत नाहीत म्हणाले, मुंबईला जा. एसटीचं भाडं आणि मिक्सर, मी एसटीचं भाडं वाचवलं. वर काळाकोट यांनी लिहिलंय तो बदल किती मोठा ते आम्हाला विचारा.

अवांतर: तो मिक्सर अजून माळ्यावर आहे.

प्राजक्ता_क
डॉक्टरवर करता येते का अशी केस? खाजगी हॉस्पिटल, आईचं ऑपरेशन, जास्त इथे लिहीत नाही.

काळाकोट
@प्राजक्ता_क, करता येते. १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध शांता या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आणली. पैसे देऊन घेतलेली सेवा हवी. जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार आहेत अशा सरकारी दवाखान्यावर जमत नाही, पण जिथे काहींकडून पैसे घेतात आणि काहींना मोफत, तिथे मोफतवालाही ग्राहक धरला जातो.

मात्र निकाल मनासारखा लागला नाही म्हणजे निष्काळजीपणा झाला असं होत नाही, दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत लागतं आणि ते मिळवणं हाच सगळ्यात अवघड भाग. आधी केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, सगळे रिपोर्ट लेखी अर्ज करून मागून घ्या. भांडण सुरू व्हायच्या आधी घ्या.

मीच_तो
डॉक्टरवर चालते, बिल्डरवर चालते, मग वकिलावर चालते का हो काळाकोट साहेब? 😄

काळाकोट
नाही चालत. मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं वकिली सेवा या कायद्यात येत नाही, ती अशिलाच्या नियंत्रणाखालची वैयक्तिक सेवा आहे.

मीच_तो
निकाल कुणी दिला? आधी वकील असलेल्यांनीच ना. 🍿

काळाकोट
😀 हा प्रश्न मला दर लग्नात विचारतात.

उंटावरचा_शहाणा
आलो. तर कंपनीचे वकील.

दाखल केल्यावर आधी छाननी. माझ्या तक्रारीत तीन त्रुटी काढल्या: पानांना नंबर नाहीत, कागदपत्रांची यादी नाही, दुकानदाराचा पूर्ण पत्ता नाही. दुरुस्त केलं. मग दाखल सुनावणी, म्हणजे तक्रार दाखल करून घ्यायची की नाही ते ठरवायची, दोन मिनिटांची. मग दोघांना नोटिसा. दुकानदार पहिल्याच तारखेला स्वतः आला, बाहेर बाकावर माझ्याशेजारीच बसला आणि म्हणाला अहो मलाही त्या कंपनीने वैताग दिलाय, तुम्ही मला पार्टी नको करायला पाहिजे होतं. मला वाईट वाटलं. पण पैसे त्याने घेतलेत, बिल त्याचं आहे, त्याला सोडलं असतं तर कंपनीने म्हटलं असतं या माणसाला आम्ही काही विकलेलंच नाही.

कंपनीतर्फे वकील आले आणि वेळ मागितला. परत वेळ मागितला. मला शेजारच्या एका आजोबांनी सांगितलं (ते स्वतःची पतसंस्थेची केस घेऊन आलेले, सगळी कलमं पाठ) की नोटीस मिळाल्यापासून तीस दिवस आणि वर जास्तीत जास्त पंधरा, एकूण पंचेचाळीस, त्यापुढे लेखी म्हणणं घेता येत नाही. मार्च २०२० चा सुप्रीम कोर्टाच्या पाच जजांचा निकाल आहे. मी पोस्टाच्या साइटवरून नोटीस पोचल्याची तारीख काढून ठेवली होती. वकील बावन्नाव्या दिवशी लेखी जबाब घेऊन आले. मी उभा राहिलो, पाय थरथरत होते खरं सांगतो, आणि म्हटलं मॅडम, बावन्न दिवस झालेत. अध्यक्ष मॅडमनी माझ्याकडे, मग कागदाकडे, मग वकिलांकडे बघितलं आणि जबाब नाकारला.

म्हणून जिंकलो असं मात्र समजू नका. जबाब नसला तरी तक्रारदाराने आपलं म्हणणं शाबित करावंच लागतं आणि कायद्याच्या मुद्द्यावर ते युक्तिवाद करू शकतात. त्यांनी केलाही: तज्ज्ञाचा अहवाल नाही, फ्रीज तपासलेला नाही, व्होल्टेजमुळे झालं असेल. तेव्हा ती चार जॉबकार्डं पुढे केली. त्यांच्याच माणसाने चार वेळा लिहिलंय, वेगळा तज्ज्ञ कशाला? आदेशात जवळजवळ हेच वाक्य आलं.

साक्ष, उलटतपास असलं सिनेमातलं काही नसतं. शपथपत्र आणि कागद यावरच चालतं बहुतेक. त्यामुळे बोलता येत नाही म्हणून घाबरू नका, लिहिता आलं पाहिजे.

गल्ल्यावरचा
मी इलेक्ट्रॉनिक्सचं छोटं दुकान चालवतो. धागा पूर्ण वाचला आणि त्या बाकावरच्या दुकानदाराच्या जागी मीच बसलोय असं वाटलं. तुमचं कुणाचं चुकतं म्हणत नाही, पण आमची बाजू कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

फ्रीजवर आम्हाला सुटतात किती? ऑनलाइनच्या भावाला भाव लावावा लागतो. मग कंपनी माल परत घेत नाही, डेबिट नोट (परत केलेल्या मालाच्या पैशांचा कागद) अडवून ठेवते, आणि गिऱ्हाईक माझ्या दारात. वर लोक काय करतात ते पण सांगतो. इन्व्हर्टरवर भलतंच काही लावून जाळतात आणि म्हणतात आपोआप गेलं. लग्नापुरता स्पीकर नेतात, सोमवारी परत, आवाज बरोबर नाही म्हणे. बिल नको म्हणतात जीएसटी वाचवायला आणि सहा महिन्यांनी वॉरंटीसाठी भांडतात. मी काय करू?

माझ्या दुकानात पाटी होती 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. एक कॉलेजचा पोरगा म्हणाला काका ही पाटी बेकायदेशीर आहे. खरंय का?

काळाकोट
@गल्ल्यावरचा, पोरगा अर्धा बरोबर. २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे, त्यात नव्याने घातलेल्या गोष्टींपैकी दोन तुमच्या कामाच्या: बिल न देणे, आणि सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे. म्हणजे सदोष मालाला ती पाटी दाखवून चालणार नाही. पण रंग आवडला नाही, बायकोला नको, लग्न झालं आता स्पीकर नको, याच्यासाठी पैसे परत द्यायची सक्ती या कायद्याने तुमच्यावर नाही. स्वतः परत घेऊ म्हणून लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी.

आणि बिल नको म्हणणाऱ्यालाही बिल द्याच. ते तुमचंही संरक्षण आहे, सिरीयल नंबर टाकून द्या, म्हणजे दुसरीकडचा माल तुमच्या गळ्यात मारता येणार नाही.

गल्ल्यावरचा
सिरीयल नंबरचं पटलं. पाटी काढतो. बिलाचं म्हणाल तर नको म्हणणाऱ्याच्या पिशवीत टाकून देतो आता.

सईची_आई
बिलावरून आठवलं! ते मशीनमधून येणारं गुळगुळीत कागदाचं बिल असतं ना, ते वर्षभरात कोरं होतं. आमच्या वॉशिंग मशीनचं बिल आज काढून बघितलं, पांढराशुभ्र कागद. आता काय?

उंटावरचा_शहाणा
@सईची_आई, ते थर्मल पेपर, उन्हाने आणि उष्णतेने उडतं. कार्डने किंवा यूपीआयने पैसे दिले असतील तर बँक स्टेटमेंट काढा, दुकानदाराकडे डुप्लिकेट मागा, वॉरंटी नोंदवताना एसएमएस आला असेल तो शोधा. आणि इथून पुढे घरी आल्या आल्या फोटो. मी तर आता भाजीचा पण काढतो, घरचे हसतात.

बांधावरून
आमच्याकडं लातूर साइडला तुमचा फ्रीज ऱ्हायला बाजूला, बियाण्याचं बघा जरा. सोयाबीनच्या सहा बॅगा आणल्या, पेरलं, पाऊस बी बरा झाला, शेजारच्याचं हिरवंगार आणि आमचं रान मोकळं. दुकानदार म्हणतो खोल पेरलं असंल. आमचा बा पन्नास वर्षं पेरतोय त्याला खोली शिकवायला निघाला. कोणतरी म्हणालं शेतकरी ग्राहक नसतो कारण तो धंद्यासाठी घेतो. हे खरं का?

काळाकोट
@बांधावरून, साफ खोटं, आणि बियाणे कंपन्यांनीच हा मुद्दा वर्षानुवर्षं कोर्टात मांडला. २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं, शेतकरी ग्राहक आहे.

त्याच निकालात तुमच्या कामाचा दुसरा मुद्दाही आहे. कंपन्या म्हणायच्या की कायद्याप्रमाणे बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायला हवा होता. कोर्ट म्हणालं अहो शेतकरी सगळं बी पेरतो, थोडं तपासायला ठेवेल ही अपेक्षाच चुकीची, तुमच्याकडे त्याच लॉटचं बी असेल तर तुम्ही पाठवायचं होतं.

पण एक काम लगेच करा, आत्ताच. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पंचनामा करते. नांगरून दुबार पेरणी केल्यावर आलात तर बघायला काही उरत नाही. आणि समिती येणार ते कंपनीला आणि दुकानदाराला कळवलं होतं का हे बघा, नाहीतर पुढे म्हणतात आमच्या पाठीमागे पंचनामा केला.

बांधावरून
बॅगा अन् टॅग हायेत, पावती बी हाय. अर्ज उद्याच देतो. पण साहेब रान किती दिवस मोकळं ठेवायचं? पाऊस थांबत नसतो समितीसाठी. दुबार पेरणीचं बी उसनं आणलंय.

काळाकोट
एका कडेला ठळक पट्टा तसाच ठेवा, बाकीचं पेरा. तारखेचे फोटो काढा, शेजाऱ्याच्या रानाचेही. अर्जात लिहा की इतक्या तारखेनंतर नाइलाजाने दुबार पेरणी करत आहे.

जुनंखोड
हा प्रतिसाद कुणीतरी छापून कृषी सेवा केंद्राबाहेर लावा रे.

चिकित्सक
बियाण्याचं पटलं. पण धंद्यासाठी घेतलेलं चालत नाही हे खरंच आहे ना? माझ्या भावाची प्रिंटिंग मशीनची केस त्याच मुद्द्यावर उडाली. मशीन पहिल्या दिवसापासून खराब, चौदा लाख, आणि आयोग म्हणतो व्यापारी हेतू. म्हणून तर मी वैतागलेलो आहे या विषयावर, आधी सांगितलं नाही.

काळाकोट
व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू बाहेर, पण स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून घेतली तर आत. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात यावर भरपूर ऊहापोह आहे, टॅक्सी विकत घेऊन स्वतः चालवणारा ग्राहक, असा. भाऊ स्वतः मशीन चालवत होते की माणसं ठेवली होती? आणि तक्रारीत 'स्वतःच्या उपजीविकेसाठी' हे शब्द लिहिले होते का?

चिकित्सक
तीन माणसं होती. आणि नाही, लिहिलं नव्हतं. वकिलाने (😐) काही सांगितलं नाही. आणि त्याच्यावर तक्रार करता येत नाही हे तुम्ही वर सांगितलंतच.

मीच_तो
खल्लास.

प्राजक्ता_क
विषय थोडा बदलते. ॲपवर तिकीट काढताना शेवटच्या पानावर विमा आपोआप टिक झालेला असतो, न बघता पैसे गेले. याचं काही होतं का? रक्कम ३९ रुपये, केस कोण करणार.

काळाकोट
यालाच डार्क पॅटर्न म्हणतात. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा तेरा प्रकारांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, न विचारता टोपलीत वस्तू टाकणं त्यातलंच एक. हे प्राधिकरण २०१९ च्या कायद्याने आलं, एका माणसाचं भांडण ते सोडवत नाही, पण एकाच वेळी हजारो लोकांचे ३९ रुपये जात असतील तर चौकशी करू शकतं, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर पन्नास लाख. १९१५ वर नोंदवा. तुमच्या ३९ चं काही होईल न होईल, नोंदी साठल्या की त्यांना दिसतं.

ऑनलाइन विक्रीचे वेगळे नियमही २०२० चे आहेत. तक्रार अधिकाऱ्याचं नाव साइटवर हवं, ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण. हे वाक्य ईमेलमध्ये लिहून बघा, पुष्कळदा उत्तराचा सूर बदलतो.

मीच_तो
हॉटेलातल्या सर्व्हिस चार्जचं पण सांगा जाता जाता. आणि पाण्याच्या बाटलीचं.

काळाकोट
सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, अशी त्याच प्राधिकरणाची जुलै २०२२ ची तत्त्वं, मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ती उचलून धरली, हॉटेलवाले अपिलात गेले. बाटलीचं उलटं आहे. हॉटेलात बसून प्यायलात तर एमआरपीपेक्षा जास्त घेऊ शकतात, सुप्रीम कोर्ट, डिसेंबर २०१७. टपरीवर किंवा दुकानात नाही.

सईची_आई
आमच्या सोसायटीतल्या एकांचा फ्लॅटचा ताबा चार वर्षं रखडलाय. रेरा (बिल्डरांवरचं नियामक प्राधिकरण) की आयोग?

काळाकोट
दोन्ही दारं उघडी आहेत, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. पण एकाच मागणीसाठी दोन्हीकडे धावू नका. फ्लॅट पन्नास लाखांवरचा असेल तर राज्य आयोग, म्हणजे मुंबईच्या वाऱ्या, हेही धरा. आणि करारात 'लवादाकडेच जावे' असं कलम असेल तर त्याला घाबरू नका, त्याने आयोगाची वाट बंद होत नाही. जास्त सांगायला करार बघावा लागेल, इथे टाकू नका.

जुनंखोड
मुख्य गोष्ट राहिली. फ्रीजचे पैसे मिळाले का?

उंटावरचा_शहाणा
हो, तेच सांगायचं होतं.

आदेश नोव्हेंबर २०२४. ३१,५०० परत, तक्रार दाखल केल्या तारखेपासून ९ टक्के व्याज, मानसिक त्रासाचे ५,००० आणि खर्चाचे ३,०००. मागितले होते त्रासाचे पन्नास हजार, आयोगाने शून्य एक काढला. दुकानदार आणि कंपनी दोघेही जबाबदार, ४५ दिवसांत द्या.

४५ दिवस गेले, फेब्रुवारी उजाडला, काही नाही. अपील पण नाही, कारण अपिलाला जायचं तर आदेशाच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते, एवढ्यासाठी कोण भरणार. त्यांना वाटलं असेल हा थकेल. मग दरखास्त टाकली. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आदेश मिळाला की आपलं झालं असं वाटतं आणि घरी फ्रेम करून ठेवतात. पैसे वसूल करायला परत अर्ज लागतो. एक कलम वसुलीचं, दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखं, आणि दुसरं शिक्षेचं, महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान पंचवीस हजार दंड किंवा दोन्ही. मी दोन्ही टाकली. कंपनीच्या वकिलांचा फोन दुसऱ्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी आला, सगळ्या केसमध्ये पहिल्यांदा स्वतःहून. आवाज इतका गोड की मी ओळखलंच नाही. मेमध्ये डीडी आला, व्याजासकट.

चिकित्सक
अभिनंदन. खरंच. आणि भावाला हा धागा पाठवला, राज्य आयोगातल्या अपिलाची मुदत ४५ दिवस असते ना, त्यातले एकोणीस उरलेत.

काळाकोट
@चिकित्सक, आदेशाची प्रत व्यनि (खाजगी निरोप) करा. नावं झाकून. आज रात्रीच.

गल्ल्यावरचा
एक विचारू? त्या दुकानदाराने यातले किती भरले?

उंटावरचा_शहाणा
काहीच नाही, डीडी कंपनीचाच होता. परवा त्याच्याच दुकानातून मिक्सर घेतला. बिल मागायच्या आधीच दिलं त्याने, सिरीयल नंबर टाकून.

सईची_आई
आणि तो जुना फ्रीज?

उंटावरचा_शहाणा
आदेशात आहे की पैसे मिळाल्यावर कंपनीने स्वखर्चाने घेऊन जावा. तीन वेळा मेल केला. दर वेळी फोन येतो की सर, उद्या गाडी पाठवतो. गॅलरीत उभा आहे. खालच्या कप्प्यात कांदे ठेवतो, वरच्यात केसचे कागद.